ड्राफ्ट: निवड टीमची, भाव खेळाडूचा, आणि आपलं काय?

आजची गोष्ट सुरू होते एका दोनशे पानी वहीपासून. वही माझीच. साल २०१७, महिना जुलै. मी अकरावीत, गाव गोरेगाव. थांबा, मुंबईचं नाही. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हा खुलासा मला आयुष्यभर करावा लागणार आहे. फुटबॉल बघतो म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, “मग तू मुंबई सिटीचा फॅन असशील.” तर तेही नाही. माझी टीम होती एफसी पुणे सिटी.

‘होती’ म्हणालो, ते लक्षात ठेवा. शेवटी तिथेच यायचं आहे.

त्या वहीत मी माझ्या टीमसाठी खेळाडू निवडत होतो. कारण २३ जुलै २०१७ ला मुंबईत इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा ड्राफ्ट होणार होता. जिओचं सिम गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. डेटा फुकटासारखा होता, आणि मी रात्र रात्र जुन्या मॅचचे हायलाइट्स बघून नावं लिहीत होतो. याला घ्यावं, त्याला सोडावं, हा मिळाला नाही तर तो. पुण्याच्या क्लबमध्ये मला कुणी ओळखत नव्हतं. पण फॅन लोकांना हे कोण सांगणार?

आता ड्राफ्ट म्हणजे नक्की काय, हे मी त्याच आठवड्यात बाबांना समजावून सांगत होतो. आमच्या घरी हळद. राखून ठेवलेले कट्टे हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायचे होते. यार्डात काय होतं, तुम्हाला माहीत आहे. शेतकऱ्याचा ढीग पडतो, व्यापारी भोवती जमतात, बोली लागते. एक जण आकडा बोलतो, दुसरा त्यावर चढवतो. चढत चढत जिथे थांबेल तो भाव. हा झाला लिलाव. आयपीएलमध्ये हेच होतं, प्रो कबड्डीतही हेच होतं.

ड्राफ्टमध्ये बोली नसते. नंबर असतो. पहिल्या नंबरची टीम आधी निवडणार, मग दुसऱ्या नंबरची, मग तिसरी. एकाने नाव घेतलं की तो खेळाडू त्याचा. बाकीच्यांनी त्यावर पैसे चढवायचे नाहीत.

बाबांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “म्हणजे व्यापाऱ्यांनी आधीच आपसात वाटून घ्यायचं? मग मालवाल्याला भाव कोण देणार?”

मी म्हटलं, “बाबा, तसं नसतंय ते. खेळात बरोबरी राहावी म्हणून असतं.”

तेव्हा मी हे ठोकून दिलं. पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, माझं उत्तर चुकीचं नव्हतं. पण बाबांचा प्रश्न जास्त बरोबर होता. तो प्रश्न अमेरिकेच्या कोर्टापर्यंत गेलेला आहे.

फिलाडेल्फिया, १९३६

ड्राफ्टचा जन्म फुटबॉलमध्येच झाला, पण अमेरिकन फुटबॉलमध्ये. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावतात तो खेळ. त्यांची एनएफएल लीग १९३०च्या दशकात आजच्यासारखी श्रीमंत नव्हती. मंदीचा काळ होता, संघ निघत होते आणि बंद पडत होते. कॉलेजमधून चांगला खेळाडू बाहेर पडला की तो त्याला हव्या त्या संघाशी बोलायचा. साहजिकच पैसेवाले आणि जिंकणारे संघ, शिकागो, न्यूयॉर्क, ग्रीन बे, यांच्याकडे तो जायचा. तळाचे संघ तळातच.

फिलाडेल्फिया ईगल्स या तळातल्या संघाचे मालक होते बर्ट बेल. स्टॅन कोस्टका नावाच्या एका तगड्या कॉलेज खेळाडूसाठी त्यांनी खूप धडपड केली. पण तो गेला ब्रुकलिनच्या संघाकडे. बेल वैतागले. मे १९३५ मध्ये मालकांच्या बैठकीत त्यांनी प्रस्ताव मांडला: दरवर्षी कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करू, आणि शेवटच्या नंबरच्या संघाला पहिली निवड देऊ. जिंकलेला संघ सगळ्यांत शेवटी निवडेल.

गंमत म्हणजे शिकागो आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या मालकांनीही होकार दिला. कारण साधं होतं. रोज एकतर्फी सामने व्हायला लागले तर तिकीट कोण काढणार? आणि दुसरं कारण, जे फारसं बोललं जात नाही: एकमेकांशी बोली लावायची नसेल तर खेळाडू स्वस्तात मिळतो.

८ फेब्रुवारी १९३६ ला फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, एकूण ८१ निवडी. टीव्ही नाही, गर्दी नाही. फळ्यावर ९० नावं लिहिलेली. आज एकेका खेळाडूचा शंभर आकड्यांचा डेटा असतो. तेव्हा कित्येक मालकांनी त्या पोरांना खेळताना बघितलंही नव्हतं. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकाचा मुलगा वेलिंग्टन मारा पेपरातून, मासिकांतून माहिती गोळा करून स्वतः टिपणं काढायचा. हे वाचलं तेव्हा मला माझी वही आठवली. फरक एवढाच, की त्याच्या बापाची टीम होती.

सगळ्यांत तळाचा संघ ईगल्सच, म्हणून पहिली निवडही त्यांचीच. त्यांनी नाव घेतलं जे बर्वँगर. शिकागो विद्यापीठाचा स्टार, १९३५ मध्ये ‘हाइसमन’ म्हणून आज ओळखली जाणारी ट्रॉफी पहिल्यांदा दिली गेली, ती त्यालाच. ईगल्सना त्याचे पैसे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी त्याचे हक्क शिकागो बेअर्सला देऊन टाकले. बेअर्सशीही त्याचं पैशावरून जमलं नाही. मग त्याने काय केलं? सरळ नोकरी-धंद्याची वाट धरली. इतिहासातला पहिला ड्राफ्ट खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

आणि ईगल्स? ज्यांनी ही युक्ती काढली, त्यांनी १९३६ च्या हंगामात १२ पैकी ११ सामने हरले.

बाबांच्या भाषेत सांगायचं तर बर्वँगर हा ढीग परत घरी घेऊन जाणारा शेतकरी. त्याला ते जमलं, कारण त्याच्याकडे शिकागोची डिग्री होती. सगळ्यांना थोडंच जमतं?

याझू स्मिथचा खटला

आता बाबांचा प्रश्न कोर्टात कसा गेला ते ऐका. जेम्स स्मिथ, टोपणनाव याझू. १९६८ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने त्याला पहिल्या फेरीत निवडलं. निवडलं म्हणजे, तो दुसऱ्या संघाशी बोलूच शकत नव्हता. जे मिळेल त्यावर सही करायची. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला जबर दुखापत झाली आणि करिअर संपलं. एक हंगाम, बस.

१९७० मध्ये त्याने खटला भरला. म्हणणं असं की मला सगळ्या संघांशी बोलता आलं असतं, तर दुखापतीनंतरही पैसे मिळतील असा करार मी करून घेतला असता. सगळ्या मालकांनी मिळून माझा बाजारच बंद केला. १९७६ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि १९७८ मध्ये वरच्या कोर्टानेही त्या काळच्या स्वरूपातला ड्राफ्ट बेकायदा होता हे मान्य केलं.

मग ड्राफ्ट आजही कसा चालू आहे? कारण खटला चालू असतानाच, १९७७ मध्ये लीगने खेळाडूंच्या युनियनशी करार केला. युनियनने बदल्यात काही मिळवून ड्राफ्टला मान्यता दिली. म्हणजे ‘मालवाल्याला’ टेबलावर खुर्ची मिळाली, तेव्हा कुठे व्यवहार कायदेशीर झाला. मला हा मुद्दा फार मोठा वाटतो. आपल्याकडे लीग आल्या तेव्हा लिलावाचा हातोडा आला, झगमगाट आला, पण खेळाडूंची तेवढी ताकदवान युनियन आली नाही.

जाता जाता एक. युरोपच्या फुटबॉलमध्ये ड्राफ्ट का नाही? कारण तिथे तळाच्या टीमला बक्षीस नाही, शिक्षा आहे. ती खालच्या डिव्हिजनमध्ये जाते. अमेरिकेत लीग बंद दारांची, कुणी खाली जात नाही, म्हणून दुबळ्याला हात द्यायचा. आयएसएलने खेळ युरोपचा घेतला आणि रचना अमेरिकेची.

कोहली ड्राफ्टमधून आला होता

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं. बरं, आपल्याकडचं घ्या. २००८. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारीला मुंबईत झाला हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यानंतर मार्चमध्ये अंडर-१९ खेळाडूंचा ड्राफ्ट झाला होता. नुकताच क्वालालंपूरला ज्युनिअर वर्ल्ड कप जिंकून आलेली पोरं. रक्कम आधीच ठरलेली, बोली नाही.

निवडीची संधी दिल्लीकडे आधी होती. समोर दिल्लीचाच पोरगा, वर्ल्ड कप जिंकलेला कॅप्टन विराट कोहली. दिल्लीने काय केलं? डावखुरा बॉलर प्रदीप सांगवान घेतला. कोहली बंगळुरूला गेला.

आज हसू येतं. पण त्या दिवशीची दिल्लीची टीम बघा. सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स, दिलशान. बॅट्समनची रांग. गरज बॉलरची. त्यांनी गरजेप्रमाणे घेतलं. ड्राफ्टमधला सगळ्यांत जुना पेच हाच आहे: गरजेचा घ्यायचा की सगळ्यांत चांगला घ्यायचा? गरज या वर्षाची असते, चांगला खेळाडू दहा-पंधरा वर्षं राहतो. कोहली एकाच टीमकडून १८ हंगाम खेळला आणि ३ जून २०२५ ला शेवटी ट्रॉफी उचलली.

माझी वही

आता परत २०१७. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून भारतीय खेळाडूंचे ड्राफ्ट होत होते. २०१५ मध्ये त्याच्यासोबत थोड्या खेळाडूंचा लिलावही झाला. सुनील छेत्रीला मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांना घेतलं. आणि शिलाँगचा मिडफिल्डर युजेनसन लिंगडोह! मूळ किंमत साडेसत्तावीस लाख, बोली चढत चढत १ कोटी ५ लाखांवर गेली. घेतला कुणी? माझ्या पुण्याने. त्या दिवशीपासून तो आपला माणूस. बोली लागल्यावर भाव कसा चढतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२०१७ च्या ड्राफ्टमध्ये मात्र प्रत्येकाच्या नावापुढे किंमत आधीच छापलेली. २०५ खेळाडूंची यादी. क्लबना काही खेळाडू आधी राखता येत होते. पुण्याने गोलकीपर विशाल कैथ आणि तरुण आशिक कुरुनियन राखले. युजेनसन यादीत गेला. किंमत १ कोटी १० लाख.

वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘युजेनसन परत आणा.’

मग डोकं थंड करून हिशोब मांडला. त्या वर्षी नियम बदलला होता. आधी मैदानावर सहा परदेशी आणि पाच भारतीय चालायचे. आता परदेशी जास्तीत जास्त पाच, म्हणजे भारतीय किमान सहा. हा एक जास्तीचा भारतीय कुठे खेळवणार? गोलकीपर राखलेला, म्हणजे एक जागा झाली. परदेशी खेळाडूंवर क्लब पैसे कुठे लावतात? गोल मारायला. म्हणजे उरलेले पाच भारतीय बहुतेक मागे आणि बाजूला लागणार: दोन फुलबॅक, एक सेंटर बॅक, एक मधला राखणदार, एक विंगर. मग एका मिडफिल्डरवर १ कोटी १० लाख घालायचे, की त्याच पैशात तीन-चार मजबूत माणसं घ्यायची?

मन म्हणत होतं युजेनसन. हिशोब म्हणत होता डिफेन्स. मी तीन रात्री दोन्ही बाजूंनी यादी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली.

ड्राफ्टच्या दिवशी नवीन आलेल्या जमशेदपूरने पहिलं नाव घेतलं अनस एडाथोडिका, सेंटर बॅक, किंमत १ कोटी १० लाख. बघा, तिथेही डिफेन्सच. युजेनसनला कोलकात्याच्या एटीकेने नेलं. मी मोबाइल उलटा करून ठेवला. पुण्याने जी माणसं घेतली त्यात गोव्याचा आदिल खान होता, मुंबईचा कीन लुईस होता. माझ्या ‘हिशोब’वाल्या पानाशी हे बऱ्यापैकी जुळत होतं, ‘मन’वाल्या पानाशी अजिबात नाही.

आणि हिशोब जिंकला. पुढे मार्सेलिन्यो आणि अल्फारो हे दोन परदेशी गोल करत राहिले. रांको पोपोविच यांच्या हाताखाली पुणे चौथं आलं, ३० गुण, आणि पहिल्यांदाच सेमीफायनल. बालेवाडीत बंगळुरूशी ०-०. ११ मार्च २०१८ ला बंगळुरूत १-३, छेत्रीची हॅटट्रिक. तोच छेत्री. त्या रात्री जेवलो नाही मी. आणि युजेनसन? दुखापतीमुळे त्याचा तो हंगाम बहुतांश वायाच गेला. मला आनंद व्हायला पाहिजे होता का, की बरं झालं घेतला नाही? झाला नाही. याझू स्मिथचं नाव तेव्हा माहीत नव्हतं, पण भावना तीच होती: आपण ज्याला ‘ऑप्शन’ म्हणतो, त्याला गुडघे असतात, मान असते, घर असतं.

दुबळ्याला हात कुणी द्यायचा?

तो आयएसएलचा शेवटचा ड्राफ्ट ठरला. पुढच्या हंगामापासून क्लब थेट करार करू लागले. आणि २०१९ मध्ये माझी टीमच संपली. पैशाच्या अडचणी होत्या. क्लब बंद झाला, तिची जागा घेतली हैदराबाद एफसीने.

आता मराठवाड्याच्या माणसाला हे ऐकून काय वाटेल सांगा! आमचे आजोबा-पणजोबा १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानातून सुटले, आणि माझी टीम २०१९ ला हैदराबादला गेली. वर २०२२ मध्ये हैदराबादने केरळला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. खोटं कशाला बोलू, थोडी जळजळ झाली. पण हेही खरं, की फुटबॉलचा मान हैदराबादचा मोठा आहे. ‘मैदान’ सिनेमात अजय देवगणने केलेले रहीमसाब, १९६२ चं एशियन गेम्सचं सोनं जिंकून देणारे कोच, ते हैदराबादचेच.

आणि महाराष्ट्रात ही पहिली वेळ नव्हती. मुंबईची महिंद्रा युनायटेड, २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली टीम, २०१० मध्ये बंद झाली. पुण्यात पुणे एफसी गेली, भारत एफसी आली नि गेली, डीएसके शिवाजियन्स गेली. मुंबई सिटीने मात्र पुढे २०२१ आणि २०२४ ला आयएसएल जिंकली, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

म्हणून मी बर्ट बेल यांच्याकडे परत जातो. त्यांनी ड्राफ्ट आणला तो दुबळी टीम जगावी म्हणून. पण पहिली निवड मिळूनही ईगल्स १९३६ ला आणखी खाली गेले. ते सावरले आणि १९४८, १९४९ ला चॅम्पियन झाले, ते एका नावाच्या जोरावर नाही. वर्षामागून वर्षं लीग टिकली, टीम त्याच शहरात राहिली, म्हणून. ड्राफ्ट खेळाडू वाटून देऊ शकतो. पगाराचे पैसे, मैदान, शहरातली पोरं आणि शाळांच्या टीम वाटून देऊ शकत नाही. मी वहीत डिफेन्स मोजत होतो, विंगर मोजत होतो. मालक किती वर्षं टिकेल, हा रकाना माझ्या वहीत नव्हताच. आज वही काढली तर पहिला रकाना तो टाकीन. दुसरा टाकीन: या करारात खेळाडू जखमी झाला तर त्याला काय मिळणार?

बाबांना मी हे सगळं अलीकडे सांगितलं. बर्वँगर, याझू, युजेनसन, सगळं. ते म्हणाले, “मी तेव्हाच म्हटलं होतं.” मग थोडं थांबून, “पण तुझी ती टीम चांगली होती बघ. रात्री ओरडायचास तू.”

तर मंडळी, तुमची एखादी टीम बंद पडली असेल, कबड्डीची, क्रिकेटची, गावातल्या मंडळाची का असेना, तर तिच्यासाठी शेवटचा खेळाडू तुम्ही कोण निवडला असता, ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवू. मी माझा सांगून ठेवतो. हिशोब काहीही म्हणो, युजेनसन.